नवा जन्म, जुना दाखला

(कोल्हापूर येथील एका अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)

'ख्रिस्ती श्रद्धेतून नवी ओळख' या विषयावर मी बोलावे, अशी आपली इच्छा आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. श्रद्धेच्या अंतरंगाविषयी अधिकारवाणीने बोलणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे आणि तसा प्रयत्न मी करणारही नाही. परंतु माणसाच्या अंतःकरणात झालेला पालट जेव्हा त्याच्या नावात, पंक्तीत, वारशात, नोकरीत आणि सरकारी दाखल्यात उतरू पाहतो, तेव्हापासून तो केवळ अध्यात्माचा विषय राहत नाही. तेथून पुढची वाट आपल्या अभ्यासाच्या प्रांतातून जाते. त्या वाटेवर माणसाला काय मिळाले, काय गमवावे लागले आणि या देवघेवीचा हिशेब सर्वांना सारखाच पडला काय, एवढाच प्रश्न मी आज मांडणार आहे.

ख्रिस्ती माणूस बाप्तिस्म्याला नवा जन्म म्हणतो. जन्म म्हटला की नोंद आली, आणि नोंद म्हटली की ती करणारा कोणीतरी आला. माणसाने स्वतःला नवे म्हटले तरी शेजाऱ्याने, त्याच्या नव्या मंडळीने आणि राज्यसंस्थेने ते मान्य केल्याखेरीज ओळख पुरी होत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा दोन शतकांचा इतिहास म्हणजे ही मान्यता मिळवण्याच्या धडपडीचा इतिहास होय.

हा इतिहास आपल्या गावालाही परका नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल गोल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही या शहरात आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये येथेच झाला आणि पुढे अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या मोठ्या मिशनरी चळवळीच्या संस्थापकांत त्याची गणना झाली. शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांना परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक असे पगारी व्यवसाय प्रथम ठाऊक झाले ते या मिशनच्या संस्थांमुळे.

वाइल्डर कोल्हापुरास आल्यानंतर तीनच वर्षांनी, १८५५ मध्ये, अहमदनगरच्या मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या 'ज्ञानोदय' या पत्रात एका मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी म्हणजे मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने देवालाच विचारले, की आमचा धर्म कोणता ते आम्हांला सांग. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही, त्यांनी वेदांचा धर्म आपला कसा म्हणावा, हा तिचा मुद्दा होता. ओळखीचा प्रश्न मराठीत इतक्या सरळपणे क्वचितच कोणी विचारला असेल. मुक्ता ख्रिस्ती झाली नव्हती. पण ज्या पोकळीतून हजारो माणसे पुढे ख्रिस्ताकडे वळली, ती पोकळी तिने नेमकी दाखवली होती.

आता हिशेबाकडे वळू. प्रथम त्या माणसांचा हिशेब पाहू, ज्यांची नावे आपल्याला पाठ्यपुस्तकांतून ठाऊक आहेत.

बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मराठी कादंबरीत आणले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये, आपल्या लहानग्या मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस ख्रिस्ती झाले. या सर्वांनी मोठी किंमत मोजली. जिवंत माणसाचे घटस्फोट-श्राद्ध करून तो मेला असे मानण्याची रीत त्या काळी होती. त्यांना आप्त तुटले, घर तुटले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त ही फाटाफूट आपण वाचलेली आहे. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षांनी त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. पण सोवळ्याओवळ्याची भिंत त्यांच्या मनात त्याआधीच ढासळली होती. माणसामाणसांत देव भेद करणार नाही, हे त्यांना प्रथम पटले आणि बाप्तिस्मा नंतर आला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

रमाबाईंचा वृत्तान्त याहूनही बोलका आहे. जुन्या धर्माचे जोखड टाकून दिलेल्या या स्त्रीने नव्या धर्माधिकाऱ्यांचे जोखडही मानेवर घेतले नाही. इंग्लंडमधील धर्मभगिनींशी आणि बिशपांशी तिने त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घातला, क्रुसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात का नसावीत असे विचारले, आणि आपला शाकाहार व वेष सोडला नाही. १८८९ मध्ये तिने मुंबईत शारदा सदन काढले. १८९३ मध्ये तेथील विद्यार्थिनी ख्रिस्ती होतील या भीतीने पुण्यात वादळ उठले, आणि रानडे-भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ मुली व विधवा यांच्यासाठी केडगावचे मुक्तिसदन वाढले. तेथे विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे याच स्त्रियांनी जुळवले. ज्यांना अक्षरओळख नाकारली होती त्या बायकांच्या हातून धर्मग्रंथ छापून निघाला. नव्या ओळखीचा अर्थ समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्या स्त्रियांना नवे नाव मिळाले, आणि त्यासोबत हातात काम आले, मजुरी आली, अक्षर आले.

टिळकांनीही परक्या आश्रयाचे ओझे ओळखले होते. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान दिले. तुकारामाच्या वाटेवरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे त्यांनी आपल्या अभंगांनी सिद्ध केले. तशी या नात्याची मुळे खोलच आहेत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच ओवीत छापून निघाले होते.

परंतु मित्रहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. पदमनजी, रमाबाई, टिळक यांची किंमत भारी होती. पण ती एकदाच मोजायची होती. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर आली. संस्कृत जाणणारी पंडिता ख्रिस्ती झाली तरी पंडिताच राहिली. कवी टिळकांना मराठी सारस्वताने पुढे आपले म्हटले. वारशाच्या बाबतीतही ब्रिटिश मुलखात १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वाटा राखला होता. ज्यांच्याजवळ वारसा होता, त्यांना त्या कायद्याचा उपयोग होता.

ज्यांच्याजवळ वारसाच नव्हता, त्यांचे काय झाले?

नगर, जालना, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार व मांग वाड्यांतून उभा राहिला. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या आगेमागे ही वाढ विशेष झाली. तेव्हापासून एक शेरा या समाजाच्या कपाळी मारला गेला आहे, की हे लोक पोटासाठी बाटले. आजही धर्मांतराच्या विरोधात जे कायदे निरनिराळ्या राज्यांत होत आहेत, त्यांत 'प्रलोभन' हा शब्द मध्यवर्ती आहे. १९७७ मध्ये मध्य प्रदेश व ओरिसा येथील असे कायदे वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या 'प्रलोभना'कडे जरा नीट पाहू. गावगाड्यात महाराला बलुते मिळे, वतनाचा तुकडा असे. आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवस वेठ, मेलेले ढोर ओढणे, निरोप पोचवणे ही कामे वंशपरंपरेने गळ्यात असत. ज्याने धर्म बदलून ही कामे नाकारली, त्याचे बलुते गावाने बंद करणे ओघानेच आले. म्हणजे धर्मांतराने भाकरी मिळण्याऐवजी आहे ती भाकरी जाण्याचा धोका पुष्कळ ठिकाणी होता. तो पत्करून जो गेला त्याला शाळा, दवाखाना, क्वचित मिशनची नोकरी मिळाली हे खरे. पण शिक्षण आणि औषध यांना आमिष म्हणण्याआधी, ती त्याला स्वतःच्या गावात का मिळत नव्हती, याचे उत्तर द्यावे लागेल. शिवाय भूक आणि मान यांच्यात भिंत नाही. ज्याला चावडीपुढे चपला काढून उभे राहावे लागते, त्याला कोणी जाजमावर शेजारी बसवून हातात पुस्तक दिले, तर त्याचे पोट भरले की मन भरले, हे कोणता दंडाधिकारी ठरवणार?

त्याला नावही नवे मिळाले. शांतवन, कृपा, आशीर्वाद, योहान ही आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतील नावे पाहा. ज्यांच्या आजोबांना धोंड्या, दगड्या म्हणून हाका मारीत, त्यांनी मुलांची ही नावे ठेवली. आडनाव मात्र बहुधा तेच राहिले. आणि महाराष्ट्रात आडनावावरून जात हुंगणारे नाक फार तिखट असते!

तेव्हा शेजाऱ्याने नवी ओळख पुरती मानली नाही. नव्या मंडळीने तरी मानली का? येथेही उत्तर निर्भेळ नाही. गोव्यात बामण, चारडो, शूद्र हे भेद चार शतके ख्रिस्ती घरांतून टिकून राहिले. दक्षिण भारतात निराळ्या बैठका आणि निराळी दफनभूमी येथपर्यंत मजल गेली. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार करताना ख्रिस्ती धर्माचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात त्यांचे दोन आक्षेप स्पष्ट आहेत. एक, चर्चने धर्मांतरितांमधील जात मोडली नाही. दुसरा, आपल्या दुःखाचे मूळ स्वतःच्या पापात शोधायला शिकलेला माणूस समाजरचनेतील अन्यायाविरुद्ध उठण्यास कचरतो. दुसऱ्या आक्षेपावर वाद होऊ शकेल; रमाबाईंचे उदाहरण मी दिलेच आहे. पण पहिला आक्षेप ख्रिस्ती समाजातील विचारवंतांनीही पुढे स्वतःच्या तोंडाने मांडला आहे. त्यात एक ऐतिहासिक भेदही होता. १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध झालेला समाज एकसंध निघाला आणि स्वतःच्या नेत्यामागे निघाला. ख्रिस्ती झालेली कुटुंबे गावोगाव सुटी सुटी निघाली आणि मिशनच्या आधाराने राहिली. परदेशी मिशनांनी हात आखडता घेतल्यावर त्यांच्यामागे संस्था उरल्या, जमिनी उरल्या. पण संघटित राजकीय बळ उरले नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी आहे. मतांच्या बाजारात या संख्येला भाव नाही.

आता तिसरा पक्ष, राज्यसंस्था. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयी आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीची मानता येत नाही. १९५६ मध्ये शिखांसाठी आणि १९९० मध्ये बौद्धांसाठी त्यात दुरुस्ती झाली. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. गंमत अशी, की अनुसूचित जमातींना अशी कोणतीही धर्माची अट नाही. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहतो. महार ख्रिस्ती झाला की त्याची जात कागदावर नाहीशी होते. वस्तीत, विहिरीवर, सोयरिकीत ती नाहीशी झाली की नाही, हे कोणी विचारीत नाही.

म्हणायला हरकत नाही, की हीच तर नव्या ओळखीची संपूर्ण मान्यता झाली! धर्मांतरिताने स्वतःच सांगितले की मी जातीतून मुक्त झालो. मग राज्याने ते मानले तर चूक काय? या युक्तिवादाचे उत्तर १९८५ च्या एका खटल्यात सापडते. मद्रासच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चांभाराचा तो खटला होता. सरकारी योजनेत चांभारांना टपऱ्या फुकट देण्यात आल्या. हा गृहस्थ ख्रिस्ती, म्हणून त्याला टपरी मिळाली नाही. धर्मांतरानंतरही जातीचे अपंगत्व पूर्वीइतक्याच तीव्रतेने चालू राहते, असा पुरावा आपल्यापुढे नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. मित्रहो, आपण चपलांच्या शहरात राहतो. आरी आणि कातडे यांना बाप्तिस्मा देता येत नाही, हे कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही. तो माणूस त्याच रस्त्यावर, त्याच हत्यारांनी, तेच काम करीत होता. बदलला होता तो फक्त त्याचा रविवार.

वारशाच्या कायद्यातही असाच एक कोपरा आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने धर्मांतरित व्यक्तीचा स्वतःचा हक्क जात नाही; पण धर्मांतरानंतर जन्मलेली तिची मुले, ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू नातेवाइकांच्या वारशाला अपात्र ठरतात. निर्णय एका पिढीने घ्यायचा आणि फेड पुढच्या पिढ्यांनी करायची, ही ती व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत वाईट परिणाम पैशातला नाही. ती माणसाला दोन नावांनी जगायला लावते. चर्चच्या नोंदवहीत एक ओळख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात निर्णय दिला, की श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाशी प्रतारणा होय. कायद्याच्या चौकटीत न्यायालय म्हणते ते समजते. परंतु खरे बोलणाऱ्याला दंड आणि लपवणाऱ्याला लाभ, अशी रचना प्रथम कायद्यानेच केली आहे, हे विसरून चालणार नाही. ज्या श्रद्धेने माणसाला ताठ मानेने उभे राहायला शिकवले, ती श्रद्धाच त्याला कुजबुजत सांगावी लागते. नव्या ओळखीची याहून मोठी विटंबना कोणती?

यावर दुसऱ्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. बौद्ध व हिंदू दलितांमधील कार्यकर्ते विचारतात, की महाराष्ट्रात अनुसूचित जातींचा वाटा १३ टक्के; त्यात आणखी वाटेकरी आले तर आमच्या मुलांचे काय? मिशनच्या शाळांमुळे काही ख्रिस्ती कुटुंबे पुढे गेली, ती सगळ्या जागा घेतील. या भीतीची टर उडवण्याचे कारण नाही. नोकऱ्याच आकसत असताना ताटातला घास वाटून घ्यायला सांगणे कोणालाही कडू लागेल. पण याचे उत्तर वाटा वाढवणे, पुढे गेलेल्यांसाठी निकष लावणे, स्वतंत्र उपवर्ग करणे अशा मार्गांनी शोधता येते. माणसाचा देव कोणता, या प्रश्नाने ते शोधता येत नाही. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी त्यास भिन्नमत नोंदवले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा एक आयोग नेमला आणि त्याची मुदत वाढवत नेली. आयोगांवर आयोग नेमून काळ काढणे, हीदेखील नकाराचीच एक पद्धत असते. तोवर महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गीयांच्या यादीत जागा आहे. ती सवलत काही कामाची आहे. पण तिच्यात अस्पृश्यतेची कबुली नाही आणि राखीव मतदारसंघही नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची दुसरी दृष्टी आहे आणि ती शोधायला फार दूर जावे लागत नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. १९०८ मध्ये येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वसतिगृहांत मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान यांच्याबरोबर ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते. मुलगा कोणत्या देवाला हात जोडतो, यावर त्याची भाकरी त्यांनी अडवली नाही. आणि जोतिरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त याहूनही पुढचे चित्र रेखाटले. एकाच घरात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी होईल, आणि तरी सारे एकमेकांवर प्रेम करीत नांदतील, असे ते चित्र आहे. १८९१ मध्ये छापलेल्या त्या पुस्तकाला आपण पूजेत बसवले आणि त्यातल्या घरात मात्र राहायला गेलो नाही.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषवले. वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी ते लढले होते, आणि 'सुबोध बायबल' लिहून त्यांनी मराठी गद्यात भर घातली होती. तरीही धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध झालाच. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या निवडीने मराठी समाजाने एक पाऊल टाकले, आणि त्या विरोधाने अजून किती पावले उरली आहेत ते दाखवले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. श्रद्धेतून नवी ओळख मिळते, हे मी इतिहासाच्या साक्षीने मान्य करतो. तिच्यामुळे माणसे शिकली, उभी राहिली, बोलू लागली. पण ज्याच्यापाशी विद्या होती त्याने ती एकदा किंमत देऊन घेतली, आणि ज्याच्यापाशी काही नव्हते त्याचे नातवंड आजही हप्ते भरीत आहे. ही विषमता श्रद्धेने निर्माण केलेली नाही; ती समाजाने आणि कायद्याने निर्माण केली आहे, आणि म्हणून ती दूर करणे ही केवळ ख्रिस्ती समाजाची जबाबदारी नव्हे. १९५० च्या आदेशातील तिसरा परिच्छेद रद्द व्हावा, ही मागणी ख्रिस्ती संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढून केली आहे. त्या मोर्च्यांत समतेचे नाव घेणारे आपण लोक किती वेळा दिसलो? आणि चर्चमधील मित्रांना माझी विनंती, की दिल्लीकडे बोट दाखवताना आपल्या सोयरिकी, आपल्या कार्यकारिणी आणि मिशनने मागे ठेवलेल्या मालमत्तांचे हिशेबही एकदा उजेडात मांडावेत. तेथे जुनी जात बसलेली असेल, तर नव्या जन्माची ग्वाही बाहेरचा मनुष्य का मानील?

मुक्ता साळवेने आपला धर्म कोणता म्हणून विचारले, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. आज तिच्या वाड्यातील मुलीला हवा तो धर्म निवडण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. तो हक्क बजावल्यावर शाळेच्या खिडकीपाशी दाखला मागताना तिला आवाज खाली आणावा लागू नये, एवढी व्यवस्था करणे आपल्या हातचे आहे.